कीर हार्डी तुमचेही आहेत: ब्रिटनच्या मजूर पक्षातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

लंडन, लेस्टर, मँचेस्टर, कार्डिफ, ग्लासगो, जिथं असाल तिथं हे पत्र तुम्हाला सापडो. तुमच्यापैकी कुणी मजूर पक्षाचे सभासद आहात, कुणी युनियनचं काम करता, कुणी कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहता, थंडीवाऱ्यात घरोघर पत्रकं वाटता. कामगार संघटनेत उभं आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला याचं मनापासून कौतुक वाटतं. पण एक गोष्ट खटकते. पक्ष आपला असला तरी पक्षाचा इतिहास मात्र तिथल्या गोऱ्या लोकांचा, असं तुम्ही धरून चालता. कीर हार्डींचा विषय निघाला की "हो, ते खाणकामगार, पक्षाचे संस्थापक" एवढ्यावर बोलणं आटपतं.

या पत्रात मला त्या माणसाबद्दल सांगायचं आहे आणि मग तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. मागणं आधीच सांगून टाकतो. परदेशातून आणलेल्या केअर वर्करांचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या कामगारांचा, व्हिसा आज ज्या मालकानं त्यांना आणलं त्याच्या मुठीत असतो. ती मूठ सोडवावी, असा ठराव तुम्ही तुमच्या शाखेत मांडा, आणि हार्डींचं नाव घेऊन मांडा. असं का म्हणतो, ते त्यांच्या आयुष्यातच आहे.

हार्डींचा जन्म १५ ऑगस्ट १८५६ चा, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमधला. आई मेरी कीर धुणीभांडी, झाडलोट करणारी मोलकरीण, आणि हे तिचं लग्नाआधीचं मूल. पुढं तिनं डेव्हिड हार्डी या जहाजावरच्या सुताराशी लग्न केलं. त्याला काम कधी असे, कधी नसे. शाळेचं तोंड या पोरानं जवळजवळ पाहिलंच नाही. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून तो ग्लासगोत निरोप पोचवण्याचं काम करू लागला आणि पुढं एका बेकरीत लागला.

१८६६ सरत आलं होतं. सावत्र वडील बेकार, आईचे दिवस भरत आलेले, एक भाऊ तापानं फणफणलेला. घरात येणारा पैसा म्हणजे या दहा वर्षांच्या पोराचे आठवड्याचे साडेतीन शिलिंग. भावाच्या उशाशी रात्री जागून काढल्यामुळे दोनदा कामावर पोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी मालकानं त्याला वर घरात बोलावून घेतलं. मालक मोठा भाविक म्हणून नावाजलेला. चकचकीत महोगनीच्या टेबलाभोवती सगळं कुटुंब न्याहारीला बसलेलं, कॉफी वाफाळत होती. तिथं पोराला उभं करून सांगण्यात आलं की तुला कामावरून काढलं आहे आणि दंड म्हणून या आठवड्याचा पगारही कापला आहे. त्याच रात्री आई बाळंत झाली. नव्या वर्षाची सकाळ उजाडली तेव्हा घरात ना चूल पेटलेली होती ना खायला काही होतं. पुढं हार्डींनीच हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या मालकाला ते जन्मभर विसरले नाहीत. १८९९ साली त्यांनी लॉर्ड ओव्हरटाउन या दानशूर, धर्मशील केमिकल कारखानदाराविरुद्ध पत्रक काढलं. त्याच्या कारखान्यात माणसं रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस राबत होती आणि मालक मात्र रविवार पाळण्याचा उपदेश करत होता. ते पत्रक वाचताना मला कायम ते न्याहारीचं टेबल दिसतं.

मग खाण. दहाव्या वर्षी हा मुलगा ट्रॅपर झाला. खाणीतली हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांना दारं असतात. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावून घ्यायचं. हे काम पोरांना देत, कारण पोरं स्वस्त पडत. काळोखात एकट्यानं दहा-दहा तास बसायचं. वाचायला आईनं शिकवलं, पुढचं शिक्षण रात्रशाळेत झालं. शॉर्टहँड मात्र तो खाणीतच शिकला. दिव्याच्या काजळीनं एक सपाट दगड काळा करायचा आणि त्यावर टाचणीनं खुणा गिरवायच्या. ज्यांनी ज्यांनी युनियनचं काम केलं आहे त्यांना यातली गोम कळेल. मालकाच्या माणसांसमोर बसल्यावर कोण काय बोललं हे जो शब्दन् शब्द टिपून ठेवतो, त्याला फिरवणं अवघड जातं.

१८७७ च्या ऑक्टोबरात हॅमिल्टनजवळच्या ब्लँटायरच्या खाणीत स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. तो सगळा हार्डींचा टापू. ते कामगारांच्या सभांत बोलू लागले, तक्रारी घेऊन मॅनेजरपुढं जाऊ लागले. परिणाम ठरलेला होता: त्यांना कामावरून काढलं, त्यांच्या दोघा धाकट्या भावांनाही काढलं, आणि त्या भागात दुसऱ्या कुठल्याही खाणीत काम मिळेना. काळ्या यादीत नाव गेलं. एका मालकाकडचं काम गेलं की पोट भरायला ते गावच सोडावं लागावं, ही व्यवस्था लक्षात असू द्या. पुढं मी तिच्याकडे परत येणार आहे.

१८७९ साली हॅमिल्टनच्या खाणकामगारांनी त्यांना सचिव केलं. पुढच्याच वर्षी तिथला संप फसला. मग हार्डी बायको लिलीला घेऊन एअरशायरमधल्या कम्नॉकला राहायला गेले. तिथं १८८१ साली दहा टक्के वाढीसाठी संप झाला. दहा आठवडे चालला आणि पदरात काही न पडता संपला. पण थोड्याच काळात मालकांनी आपणहून वाढ दिली. हरलेल्या संपाचाही धसका बसतो, हे ज्यांनी द्वारसभा घेतल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. १८८६ मध्ये एअरशायर मायनर्स युनियन उभी राहिली तेव्हा संघटक म्हणून हार्डींना वर्षाला ७५ पौंड ठरले. लगेच त्यांनी 'द मायनर' हे मासिक काढलं. लिली कम्नॉकला मुलांना घेऊन काटकसरीत संसार रेटत राहिली आणि हे बहुतेक वेळ बाहेरगावी. चळवळीचा इतिहास लिहिताना अशा बायकांचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा.

आता राजकारणाकडे येतो. खाणकामगार पार्लमेंटमध्ये जायला हार्डींच्या आधीच सुरुवात झाली होती. १८७४ मध्ये अलेक्झांडर मॅकडॉनल्ड आणि थॉमस बर्ट निवडून आले. दोघंही खाणीत घाम गाळलेले. पण ते बसत लिबरल पक्षाच्या बाकांवर, आणि त्या पक्षात खाणमालकही होते. खाणकामगारांना आठ तासांचा कायदा हवा, असं हार्डी म्हणत, तर बर्टसारखी ज्येष्ठ मंडळी त्याला विरोध करत. १८८८ साली मिड-लॅनार्कला पोटनिवडणूक लागली. हार्डींनी लिबरलांकडे उमेदवारी मागितली, त्यांनी दिली नाही. हार्डी स्वतंत्र उभे राहिले. तेव्हा मतं फुटतील म्हणून लिबरलांनी निरोप पाठवला: माघार घ्या, पुढच्या खेपेला हमखास निवडून येणारी जागा देतो, वर वर्षाला ३०० पौंड देतो. त्या काळी खासदाराला पगार नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. युनियनकडून ७५ पौंड मिळवणाऱ्या माणसासमोर ठेवलेले ते ३०० पौंड होते. हार्डींनी ते नाकारले आणि मतं मिळाली ६१७. सपशेल पराभव. त्याच वर्षी त्यांनी स्कॉटिश लेबर पार्टी काढली.

चार वर्षांनी, १८९२ मध्ये, ते लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून निवडून आले. सभागृहात गेले ते ट्वीडचा साधा सूट आणि डोक्याला साधी टोपी घालून. बाकी सगळे काळे कोट आणि उंच हॅट घातलेले. लोकांना ती टोपीच लक्षात राहिली आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला जून १८९४ सगळ्यात मोलाचा वाटतो.

२३ जून १८९४, शनिवार. साउथ वेल्समधल्या पाँटीप्रिडजवळ सिल्फिनिद गावी अल्बियन खाणीत स्फोट झाला. २९० पुरुष आणि पोरं मेली. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा जन्मला, राणी व्हिक्टोरियाचा पणतू. दुसऱ्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांची हत्या झाली. पार्लमेंटनं फ्रान्सकडे दुखवटा पाठवला. राजपुत्राच्या जन्माबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. हार्डींची मागणी एवढीच होती की सिल्फिनिदच्या कुटुंबांसाठीही सभागृहानं दुखवट्याचा ठराव करावा. ती मान्य झाली नाही. २८ जूनला अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा हार्डी एकटे विरोधात उभे राहिले. सभागृह ओरडत होतं आणि ते बोलत होते. या मुलाभोवती लहानपणापासून खुशमस्कऱ्यांचा गराडा पडेल, आपण वेगळ्याच मातीचे आहोत असं त्याला शिकवलं जाईल, त्याला जगाच्या सफरीवर धाडतील, मग त्याच्या बरोबरीच्या नसलेल्या कुणाशी लग्नाच्या अफवा उठतील आणि सगळ्याचं बिल देश भरेल, असं ते म्हणाले. तो मुलगा म्हणजे पुढं १९३६ साली लग्नापायी गादी सोडणारा आठवा एडवर्ड. लोक ही भविष्यवाणी चवीनं सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती मूळ मागणी. सिल्फिनिद हार्डींचा मतदारसंघ नव्हता. तिथल्या विधवांची मतं नव्हतीच, बायकांना मताधिकारच नव्हता. ज्यांच्यामुळे एक मत वाढणार नाही अशा माणसांसाठी ते उभे राहिले होते. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, वेस्ट हॅमची जागा गेली.

पुढचं तुम्हाला पक्षाच्या पुस्तिकांत सापडेल, म्हणून भरभर सांगतो. १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. २७ फेब्रुवारी १९०० ला लंडनच्या मेमोरियल हॉलमध्ये कामगारांचा पार्लमेंटमध्ये वेगळा गट असावा, त्याचा व्हिप वेगळा असावा, हा हार्डींचा ठराव मान्य झाला, आणि त्यातून आजचा तुमचा पक्ष उभा राहिला. त्याच साली वेल्समधल्या मर्थिर टिडफिलच्या कोळसा-लोखंडाच्या खोऱ्यानं त्यांना निवडून दिलं आणि शेवटपर्यंत निवडून देत राहिलं. १९०६ मध्ये पक्षाचे २९ जण आले, हार्डी एका मतानं गटाचे अध्यक्ष झाले. माणसं सांभाळत अध्यक्षपद चालवणं हा त्यांचा पिंड नव्हता. १९०८ मध्ये ते त्यातून मोकळे झाले. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्री-मताधिकार चळवळीतल्या बायकांना नळी घालून जबरदस्तीनं अन्न देत, त्याबद्दल पार्लमेंटमध्ये जाब विचारणाऱ्या मोजक्या खासदारांत ते होते.

आणि १९०७ मध्ये ते हिंदुस्थानात आले. बंगालच्या फाळणीनं धुमसणाऱ्या पूर्व बंगालमध्ये ते फिरले, खेड्यांत गेले, सारा आणि उपासमार याबद्दल लोकांना विचारत राहिले. कॅनडाला आहे तसं स्वराज्य हिंदी लोकांना का नाही, असं त्यांनी उघड म्हटलं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांना राजद्रोही ठरवून झोडपलं. याच दौऱ्यात पुण्यात त्यांची आणि लोकमान्य टिळकांची भेट झाली. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९१८ मध्ये टिळक लंडनला गेले तेव्हा त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी मुद्दाम संबंध जोडले. हार्डी तोवर गेले होते, पण वाट त्यांनीच पाडून ठेवली होती. मित्रांनो, तुमच्या पक्षाचा संस्थापक पुण्याला येऊन गेलेला आहे. त्या पक्षाच्या इतिहासात आपण पाहुणे नाही.

त्याच दौऱ्यात ते दक्षिण आफ्रिकेत गेले. कामगार संघटनांनी काळ्या कामगारांनाही सभासद करून घ्यावं, एका कामाला एक दाम मिळावा, असं ते गोऱ्या कामगारांना सांगत होते. गोऱ्यांच्या जमावांनी त्यांच्या सभा उधळल्या.

हे इतकं ठळक सांगतो याचं कारण, वीस वर्षांपूर्वीचे हार्डी वेगळे होते. १८८७ साली एअरशायरच्या ग्लेनगार्नॉक इथल्या लोखंडाच्या कारखान्यात मालकांनी लिथुआनियातून मजूर आणले, तेव्हा हार्डींनी आपल्या मासिकात त्यांच्याविरुद्ध लिहिलं. ही माणसं आमचे मजुरीचे दर पाडतात, यांची राहणी घाणेरडी, यांच्या खाण्याला वास येतो, असं. मी ते झाकून ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवू नका. दर पडण्याची भीती खरी होती. मालक परकी माणसं आणत ती त्यासाठीच. चूक होती ती दोष मालकाऐवजी मजुराच्या माथी मारण्यात. पुढं काय झालं ते बघा. लॅनार्कशायरच्या खाणकामगार युनियननं आपले नियम लिथुआनियन भाषेत छापले, आणि तेच लिथुआनियन लोक युनियनचे पक्के सभासद झाले, संपात ठाम उभे राहिले.

आज त्या लिथुआनियनांच्या जागी कोण आहे? नागपूर, कोल्हापूर, केरळ, नायजेरिया, झिंबाब्वेहून आलेली केअर वर्कर मंडळी आहेत. एजंटाला लाखो रुपये मोजून, घरातलं सोनं गहाण टाकून आलेली. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, रात्री-अपरात्री कूस बदलून देणं, हे त्यांचं काम. २०२५ मध्ये बाहेरून नवी भरती बंद झाली, पण आधी आलेले तिथंच आहेत आणि त्यांचा व्हिसा त्यांना आणणाऱ्या मालकाशी बांधलेला आहे. काम सुटलं किंवा बाहेरून माणसं आणण्याचा मालकाचा परवाना रद्द झाला, तर साधारण ६० दिवसांत दुसरा प्रायोजक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. कबूल केलेले तास मिळत नाहीत, दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, पण तक्रार कोण करणार? हार्डी भावांना त्या भागात दुसऱ्या कुठल्या खाणीत काम मिळेना. या लोकांना तर देशच सोडावा लागतो. युनिसन ही युनियन गेली काही वर्षं मागणी करते आहे की हा व्हिसा एका मालकाशी न बांधता संपूर्ण केअर क्षेत्राशी बांधावा, म्हणजे माणूस मालक बदलू शकेल. मागणी तयार आहे. तिला पक्षात माणसं हवी आहेत.

तुमच्यापैकी काहींशी मी यावर बोललो आहे. उत्तरं दोन मिळतात. एक, "आम्ही स्वतः बाहेरून आलेले, आम्हीच हा विषय काढला तर लोक म्हणतील आपल्या माणसांचं घोडं पुढं दामटतायत." मला वाटतं, तुम्ही बाहेरून आलात म्हणूनच हे तुम्ही बोलायला हवं. खाणीबद्दल खाणीतल्या माणसानं बोलू नये असं हार्डींना कुणी म्हटलं असतं तर पक्षच निघाला नसता. आणि दरांचा प्रश्न तुम्ही टाळू नका. ज्याला मालक बदलता येत नाही तो कमी पैशात राबतो, आणि त्यामुळं शेजारच्या गोऱ्या बाईचाही दर पडतो. व्हिसा मोकळा झाला तर फायदा दोघींचा आहे, हे तिला बसून समजावून सांगा.

दुसरं उत्तर असं की, "वारं उलटं आहे, बाहेरच्यांबद्दल आत्ता बोललं तर मतं जातील, उमेदवारी जाईल." हे खरं असू शकतं. याबाबत मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. हार्डींचा शेवट बघा. २ ऑगस्ट १९१४ ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ते युद्धाविरुद्ध बोलले. चार दिवसांनी आपल्याच मतदारसंघात, ॲबरडेअरला, त्यांची सभा उधळली गेली. उधळणाऱ्यांत पुढं होते चार्ल्स स्टॅंटन, खाणकामगारांचेच एजंट, म्हणजे युनियनचे पदाधिकारी, पूर्वी हार्डींपेक्षाही जहाल बोलणारे. हार्डी खचले, आजारी पडले आणि २६ सप्टेंबर १९१५ ला ग्लासगोत वारले. त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, तेव्हा मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार जेम्स विन्स्टन, तेही खाणकामगार नेते, हरले आणि युद्धाचा जयघोष करणारे स्टॅंटन जिंकले. दोघंही त्याच युनियनमधून आलेले. खाणीतून आलेला माणूस आपोआप आपला राहतो असं नाही, आणि जो राहतो तो दरवेळी जिंकतोच असंही नाही. तरी मी तुम्हाला सांगतो, बोला. कारण तुमच्या शाखेच्या सभेत ती केअर वर्कर बाई बसलेली नसते. ती सभासदच नसते, त्या सभेत तिला मत नसतं, आणि त्या संध्याकाळी ती कुणाच्या तरी घरी पाळीवर असते.

म्हणून करायचं ते असं. आधी तुमच्या भागातल्या तीन-चार केअर वर्करांना भेटा. मराठीत, हिंदीत, त्यांना जमेल त्या भाषेत बोला, त्यांचे करार आणि पगारपावत्या बघा, नावं गुप्त ठेवा. त्यांना युनियनचे सभासद करून घ्या. मग शाखेत ठराव मांडा: व्हिसा मालकाशी नको, क्षेत्राशी हवा, मालकाचा परवाना गेला तर शिक्षा कामगाराला नको. तुमच्या खासदाराला तो लेखी पाठवा आणि उत्तरही लेखी मागा. ठराव मांडताना सिल्फिनिदचं सांगा, पुण्याचं सांगा आणि ग्लेनगार्नॉकचंही सांगा. सुट्टीत स्कॉटलंडला जाल तेव्हा एडिंबराच्या किल्ल्याबरोबर कम्नॉकलाही एक दिवस ठेवा. टाउन हॉलसमोर हार्डींचा अर्धपुतळा आहे, मुलांना दाखवा.

ठराव फेटाळला गेला तरी मला कळवा. कोण काय बोललं हे नीट टिपून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मांडा.

आपला,
पुण्यातला एक निवृत्त कामगार कार्यकर्ता